एका जुन्या बिल्ल्यापायी अडलेले अर्ज : खानापूर तालुक्यातल्या ऑनलाइन केंद्रातलं कुकीजचं प्रकरण

पार्श्वभूमी

कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातल्या एका बाजारगावात झेरॉक्स, प्रिंट आणि ऑनलाइन अर्ज भरून देणारं छोटं केंद्र आहे. दोन संगणक, एक प्रिंटर, फायबरची जोडणी आणि दोन तास तग धरणारा इन्व्हर्टर. एका संगणकावर केंद्रचालक बसतात, दुसऱ्यावर नुकतीच पदवी झालेली मदतनीस मुलगी. गावाचं, माणसांचं आणि संबंधित पोर्टलचं नाव इथे मुद्दाम दिलेलं नाही.

केंद्राचं काम सीमाभागात असतं तसंच दुहेरी आहे. इकडच्या शेतकऱ्याला जमिनीचा कर्नाटकाचा आरटीसी उतारा लागतो, तर ज्याची जमीन पलीकडे चंदगड तालुक्यात आहे त्याला महाराष्ट्राचा सातबारा. त्यामुळे एकाच ब्राउझरमध्ये दोन राज्यांची पोर्टलं सकाळपासून उघडी असतात. त्यात उत्पन्नाचे आणि जातीचे दाखले, शिष्यवृत्तीचे अर्ज, वीजबिलं, रेल्वेची तिकिटं. शिवाय गिऱ्हाईक स्वतःचा ईमेल उघडून 'एवढं प्रिंट काढून द्या' म्हणतं, ते वेगळंच.

प्रकरण जूनमधलं. शाळा-कॉलेज सुरू व्हायचे दिवस, दाखल्यांची घाई, वर पाऊस. जांबोटी-कणकुंबीकडून सकाळच्या बसने आलेल्या माणसाचा त्या दिवसाचा रोजगार बुडालेला असतो. 'उद्या या' हे दोन शब्द त्याला किती महाग पडतात, हे लक्षात ठेवूनच पुढचं वाचावं. केंद्रातल्या दोघांनी जी घाई केली, ती याच काळजीपोटी केली.

अडचण

एका सोमवारी सकाळी राज्याच्या एका सेवा पोर्टलवर मदतनीस मुलीने केंद्राच्या खात्याने लॉगिन केलं. पासवर्ड बरोबर, कॅप्चा बरोबर, ओटीपी आला, तोही बरोबर. 'सबमिट' दाबलं की पान क्षणभर पांढरं व्हायचं आणि पुन्हा लॉगिनचंच पान समोर यायचं. चूक कुठे झाली याचा एकही शब्द पडद्यावर नाही. तीनदा तसंच झालं आणि मग पोर्टलने ओटीपी पाठवणंच काही वेळ थांबवलं.

"दादा, सर्व्हर डाऊन हाय वाटतं," ती म्हणाली.

"डाऊन कसला, शेजारच्या दुकानात चालू हाय की," केंद्रचालक म्हणाले.

हे वाक्य फार मोलाचं होतं. त्याच वेळी तेच पोर्टल दुसऱ्या दुकानात चालत होतं. केंद्रचालकांच्या मोबाइलवरही त्याच खात्याने लॉगिन झालं. म्हणजे सर्व्हर ठीक, खातं ठीक, पासवर्ड ठीक. बिघाड त्या एका संगणकातल्या त्या एका ब्राउझरमध्ये होता. इथवरचा तर्क अगदी बरोबर होता, गाडी घसरली ती पुढच्या पायरीवर.

पहिला उपाय आणि त्याचा फटका

'कुकीज उडवल्या की सगळं सुरळीत होतं' एवढं केंद्रचालकांच्या कानावर होतं. (कुकी म्हणजे साइटने ब्राउझरमध्ये ठेवलेली छोटी चिठ्ठी.) मुलीने कंट्रोल, शिफ्ट आणि डिलीट ही तीन बटणं एकत्र दाबली. क्रोममध्ये सफाईची खिडकी उघडली. कालावधीत तिने 'ऑल टाइम' निवडलं. 'ॲडव्हान्स्ड' भागात गेली आणि दिसेल त्या चौकटीत टिक केली. इतिहास, कुकीज, कॅशे, साठवलेले पासवर्ड, फॉर्ममध्ये आपोआप भरणारी माहिती, साइटच्या परवानग्या, सगळं. बटण दाबलं. पोर्टल उघडलं. बाकावर बसलेल्या लोकांनी सुटकेचा श्वास सोडला.

फटका पुढच्या अर्ध्या तासात कळत गेला. केंद्राच्या निरनिराळ्या खात्यांचे पासवर्ड ब्राउझरमध्ये साठवलेले होते, ते सगळे गेले. क्रोममध्ये केंद्रचालकांचं वैयक्तिक गूगल खातं सिंकसह जोडलेलं होतं. सिंक चालू असताना इतिहास, पासवर्ड आणि फॉर्मची माहिती पुसली, तर ती त्या खात्याला जोडलेल्या बाकीच्या उपकरणांवरूनही पुसली जाते. त्यामुळे त्यांच्या मोबाइलमधलेही पासवर्ड गेले. कुकीज मात्र ज्या त्या उपकरणापुरत्याच असतात, त्या अशा पसरत नाहीत. म्हणजे अडचण ज्या कुकीजची होती त्यांचा परिणाम एकाच संगणकापुरता राहिला, आणि ज्यांचा संबंधच नव्हता ते पासवर्ड दोन्हीकडून गेले.

व्हॉट्सॲप वेबने पुन्हा क्यूआर कोड मागितला. पोर्टलची भाषा इंग्रजी करून ठेवलेली होती, ती पुन्हा कन्नड झाली. मुलीचं कन्नड शाळेत झालेलं असल्यामुळे तिचं अडलं नाही, पण केंद्रचालकांना बटण शोधावं लागलं. भाषेची निवडसुद्धा बहुतेक वेळा एका कुकीतच ठेवलेली असते. कुकी म्हटली की पाळत ठेवणारी, असं सरसकट मानणाऱ्यांनी ही साधी गोष्ट ध्यानात घ्यावी.

सगळ्यात वाईट घडलं ते दुसऱ्याच एका साइटवर. एका मामांच्या मुलाचा अर्ज तिथे निम्मा भरून ठेवलेला होता. "पोरी, आमचा अर्ज गेला का राहिला?" त्यांनी विचारलं. अर्ज क्रमांक मिळालेला नव्हता. त्या साइटने कच्चा मजकूर आपल्या सर्व्हरवर न ठेवता ब्राउझरच्याच साठ्यात ठेवला होता. सफाईच्या खिडकीत 'कुकीज अँड अदर साइट डेटा' असं एकत्र लिहिलेलं असतं. त्या 'अदर'मध्ये हा साठा येतो. अर्ज पहिल्यापासून भरावा लागला.

आणि आठ-नऊ दिवसांनी, एका सकाळी, लॉगिनचं तेच पान पुन्हा फिरून समोर आलं.

त्याच आठवड्यात दुसरा प्रकार घडला. एका गिऱ्हाइकाने आपला ईमेल उघडून तिकीट छापून घेतलं आणि तो गेला. त्यानंतर आलेल्या मुलाची कागदपत्रं एका कॉलेजला ईमेलने पाठवायची होती. मुलीने ईमेलची साइट उघडली, मेल लिहिण्याची खिडकी समोर आली, तिने फाइल जोडून पाठवून दिली. ती गेली आधीच्या गिऱ्हाइकाच्या खात्यातून. संध्याकाळी त्या माणसाला कॉलेजचं उत्तर आलं आणि त्याचा फोन आला. तो चिडला, आणि त्याचं चिडणं रास्त होतं. त्याचा अख्खा ईमेल दिवसभर परक्या दुकानात उघडा होता.

कुकी करते काय

पुढचा तपास समजण्यासाठी हे थोडक्यात पाहणं भाग आहे. वेबची मूळ रचना अशी की सर्व्हर प्रत्येक मागणीला सुटं उत्तर देतो. मघाशी आलेला माणूस तो हाच, हे त्याला आठवत नाही. यावर १९९४ साली नेटस्केप कंपनीत लू माँटुली यांनी तोड काढली. सर्व्हरने ब्राउझरकडे एक छोटी चिठ्ठी द्यायची, ब्राउझरने ती जपायची आणि त्या साइटकडे पुढची प्रत्येक मागणी करताना दाखवायची. संगणकाच्या जगात 'मॅजिक कुकी' हा शब्द आधीपासून होता, त्यावरून या चिठ्ठीला कुकी म्हणू लागले.

देवळाबाहेर चपला ठेवल्यावर बिल्ला मिळतो, तसं हे आहे. बिल्ल्यावर चपलांचं वर्णन नसतं, फक्त आकडा असतो. चपला स्टँडवरच्या फळीवर असतात. लॉगिनच्या कुकीतही साधारणपणे तुमचा पासवर्ड किंवा अर्ज नसतो, एक लांबलचक आकडा असतो. खरी नोंद सर्व्हरवर असते. म्हणून जमा झालेला, क्रमांक मिळालेला अर्ज कुकी पुसल्याने कधीच जात नाही.

बिल्ला फेकून दिला म्हणून चपला घरी येत नाहीत, हेही तितकंच खरं. कुकी पुसली तर आपल्या ब्राउझरकडचा आकडा जातो, सर्व्हरवरचं सत्र, म्हणजे तुमच्या लॉगिनची चालू नोंद, मुदत संपेपर्यंत तसंच राहू शकतं. 'लॉगआउट' दाबणं म्हणजे बिल्ला परत देऊन नोंद बंद करणं. दुसऱ्याच्या संगणकावर बसलात तर आधी लॉगआउट आणि मग सफाई, हा क्रम का पाळायचा, ते यात आलं.

कुकीज मुदतीवरून दोन तऱ्हांच्या. काहींना ठरावीक तारीख असते. क्रोमने २०२२ पासून ती जास्तीत जास्त ४०० दिवसांवर आणली आहे. काहींना तारीखच नसते, त्या सत्रापुरत्या. ब्राउझर बंद झाला की त्या जायला हव्यात. 'जायला हव्यात' हे शब्द इथे महत्त्वाचे आहेत, कारण या केंद्रात त्या जात नव्हत्या.

कॅशे ही वेगळी वस्तू. पान लवकर उघडावं म्हणून चित्रं आणि इतर फाइली ब्राउझर साठवतो, ती कॅशे. ती पुसल्याने कोणाचं लॉगिन जात नाही आणि लॉगिनचं असलं चक्रही सहसा सुटत नाही. सफाईच्या खिडकीत दोन्ही शेजारी असल्यामुळे बहुतेक लोक त्यांना एकच समजतात.

तपास

दुसऱ्यांदा अडल्यावर केंद्रचालकांनी हात आवरला आणि बेळगावहून दुरुस्तीला येणाऱ्या तंत्रज्ञाला फोन केला. त्याने पहिल्यांदा काहीही पुसू दिलं नाही. कंट्रोल, शिफ्ट आणि एन दाबून गुप्त खिडकी उघडायला सांगितली आणि त्यात लॉगिन करायला लावलं. लगेच झालं. गुप्त खिडकी कोऱ्या पाटीने सुरू होते, जुनी एकही कुकी तिच्यात नसते. एका मिनिटाच्या या चाचणीने दोष जुन्या साठ्यात आहे हे नक्की झालं. शिवाय त्याच गुप्त खिडकीत बाकावरच्या लोकांचं काम सुरू करता आलं. तपास नंतर निवांत झाला.

दुपारी तो आल्यावर नेहमीच्या खिडकीत पोर्टलचं पान उघडं ठेवून त्याने एफ १२ दाबलं. 'ॲप्लिकेशन' हा भाग उघडला, डावीकडे 'स्टोरेज'खाली 'कुकीज', त्याखाली पोर्टलचा पत्ता. समोर तक्ता आला. त्यात एकाच नावाच्या दोन कुकीज होत्या. नाव एक, आकडे वेगळे. एकीच्या 'पाथ' रकान्यात नुसती तिरकी रेघ, म्हणजे ती सगळ्या साइटसाठी. दुसरीच्या रकान्यात पोर्टलच्या एका विभागाचा लांब पत्ता. दोन्ही सत्रापुरत्याच होत्या.

मग कोडं सुटलं. पोर्टलचं लॉगिनचं पान आणि अर्जांचा विभाग आपापली, पण एकाच नावाची कुकी देत होते. लॉगिन केलं की पहिली नवी व्हायची, दुसरी मात्र आदल्या दिवशीचीच राहायची. ब्राउझर दोन्ही पाठवतो. कुकीजचे नियम ठरवणाऱ्या २०११ च्या आरएफसी ६२६५ या मानकानुसार लांब पाथवाली कुकी मागणीत आधी लिहिली जाते. अनेक सर्व्हर एका नावाच्या दोन कुकीज आल्या तर पहिलीच वाचतात. ती होती शिळी. स्टँडवाल्यापुढे दोन बिल्ले ठेवले, त्याने वरचा उचलला, कालचा निघाला, आणि 'तुमच्या चपला इथे नाहीत' म्हणून परत पाठवलं. लॉगिन होत होतं, पण पुढच्याच पानावर ओळख पटत नव्हती.

दोष मुळात पोर्टल बांधणाऱ्यांचा. तरीही तो इतर दुकानांत दिसत नव्हता, कारण तिथे रात्री ब्राउझर बंद केला की सत्रापुरत्या कुकीज मरत होत्या. या संगणकावर क्रोमच्या 'ऑन स्टार्टअप' भागात 'कंटिन्यू व्हेअर यू लेफ्ट ऑफ' निवडलेलं होतं. सकाळी कालची सगळी पानं आपोआप उघडावीत म्हणून केंद्रचालकांनीच ते सोयीसाठी केलं होतं. ही सोय पानांबरोबर सत्रापुरत्या कुकीजही परत आणते. त्यांना मग मरण नाही. एरवी संध्याकाळी लॉगआउट केलं जायचं आणि तेव्हा पोर्टल स्वतःच दोन्ही कुकीज रद्द करायचं, म्हणून वर्षभर काही जाणवलं नाही. जूनच्या गर्दीत, त्यात वीज गेलेली, लॉगआउट न करताच दुकान बंद झालं की दुसऱ्या सकाळी चक्र सुरू.

ईमेलचा प्रकार याहून सरळ होता. ईमेलची कुकी लांब मुदतीची असते. लॉगआउट केलं नाही तर संगणक बंद करून चालू केला तरी खातं उघडंच राहतं.

पर्याय

प्रत्येक गिऱ्हाइकानंतर सगळ्या कुकीज पुसायच्या, हा पहिला विचार. सुरक्षित वाटतो, पण टिकणारा नाही. दर वेळी केंद्राची पोर्टलंही बंद होणार, पुन्हा पासवर्ड, पुन्हा ओटीपी. गर्दीत तिसऱ्याच दिवशी कोणीतरी कंटाळा करणार. माणसाच्या कंटाळ्यावर उभी असलेली सुरक्षितता कोणी जमेस धरू नये.

दुसरा पर्याय गिऱ्हाइकाचं काम नेहमी गुप्त खिडकीत करण्याचा. हा चांगला, पण त्यात एक खड्डा आहे. सगळ्या गुप्त खिडक्या मिळून कुकीजचा साठा एकच असतो. एक खिडकी खाली दडून उघडी राहिली आणि पुढच्या गिऱ्हाइकासाठी नवी उघडली, तरी आधीच्याचं लॉगिन नव्या खिडकीत दिसतं. शेवटची गुप्त खिडकी बंद होईल तेव्हाच साठा जातो.

तिसरा, ब्राउझर बंद करताना साइट डेटा आपोआप पुसण्याची मुभा वापरायची आणि केंद्राच्या पोर्टलांना अपवादात टाकायचं. फायरफॉक्समध्ये 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी'त ही सोय अपवादांच्या यादीसह आहे, क्रोममध्येही आहे. अडचण एवढीच की केंद्रात ब्राउझर दिवसातून एकदाच बंद होतो, आणि गिऱ्हाइकं दिवसभर बदलत असतात. शिवाय वीज गेल्याने संगणक झटक्यात बंद पडला तर बंद करतानाची सफाई झालीच असेल असं धरून चालता येत नाही.

चौथा, घर वेगळं करण्याचा. केंद्राच्या कामाला क्रोमचं स्वतंत्र प्रोफाइल, गिऱ्हाइकाच्या कामाला 'गेस्ट' खिडकी. प्रत्येक प्रोफाइलच्या कुकीज, पासवर्ड, इतिहास निराळा. गेस्टमधलं गेस्ट बंद होताच जातं. गुप्त खिडकीपेक्षा हा बरा ठरला तो नजरेमुळे. गुप्त खिडकी केंद्राच्याच प्रोफाइलची असते आणि तिच्यात त्याच प्रोफाइलचे बुकमार्क आणि साठवलेले पासवर्ड समोर येऊ शकतात. गेस्टमध्ये केंद्राचं काहीही दिसत नाही.

केलेली कृती

चौथा पर्याय निवडला. कोपऱ्यातल्या चित्रावर क्लिक करून 'ॲड' मधून केंद्राच्या नावाचं प्रोफाइल केलं, त्याला वैयक्तिक गूगल खातं जोडलं नाही. केंद्रचालकांचं खातं या संगणकावरून काढलं. 'ऑन स्टार्टअप'मध्ये 'ओपन द न्यू टॅब पेज' ठेवलं. कालची पानं सकाळी हवीत, तर ती बुकमार्कच्या एका फोल्डरमध्ये टाकली. फोल्डरवर उजवी क्लिक करून 'ओपन ऑल' म्हटलं की सगळी पानं उघडतात, जुन्या कुकीज मात्र येत नाहीत. 'सिस्टिम' भागात क्रोम बंद केल्यावरही पार्श्वभूमीत चालू राहण्याची परवानगी होती, ती बंद केली. ती चालू असेल तर खिडक्या मिटल्या तरी ब्राउझर खरा बंद झालेला नसतो.

पोर्टल पुन्हा अडलं तर काय करायचं, हेही ठरलं. आधी गुप्त खिडकीत चाचणी. तिथेही अडलं तर कुकीजना हात लावायचा नाही, दोष दुसरीकडे आहे. तिथे चाललं तर फक्त त्या साइटच्या कुकीज काढायच्या. पत्त्याच्या डावीकडचं दोन आडव्या दांड्यांचं चिन्ह दाबायचं (जुन्या आवृत्तीत तिथे कुलूप असे), 'कुकीज अँड साइट डेटा', मग 'मॅनेज ऑन-डिव्हाइस साइट डेटा', त्या साइटच्या नावापुढची कचराकुंडी, 'डन', आणि पान ताजं करायचं. वीस सेकंदांचं काम. बाकी साइटी, पासवर्ड, व्हॉट्सॲप वेब जागच्या जागी राहतात.

यातही एकदा चकवा बसला. एका पोर्टलच्या कुकीज काढूनही चक्र सुटेना. लॉगिन दाबताना पत्त्याच्या पट्टीकडे नीट पाहिलं तेव्हा कळलं की ओळख पटवण्यासाठी पान क्षणभर दुसऱ्याच पत्त्यावर जाऊन परत येतं. अनेक सरकारी सेवांचं लॉगिन असं एकाच सामाईक साइटवरून होतं. त्या दुसऱ्या पत्त्याच्या कुकीजही काढल्यावर सुटलं.

गेस्टचा नियम साधा ठेवला. गिऱ्हाईक बसलं की नवी गेस्ट खिडकी. काम झालं की गिऱ्हाइकाने स्वतः लॉगआउट दाबायचं, मग खिडकी मिटायची, आणि खालच्या पट्टीवर दुसरी गेस्ट खिडकी राहिलेली नाही हे पाहायचं.

परिणाम

लॉगिनचं चक्र त्या मोसमात पुन्हा दोनदाच आलं, दोन्ही वेळा वीस सेकंदांत सुटलं. गिऱ्हाइकाचं खातं उघडं राहण्याचा प्रकार गेस्टमुळे थांबला.

मधे एक चूक झाली, ती सांगायला हवी. ईमेलच्या प्रकाराने धास्तावलेल्या मुलीने केंद्राच्या प्रोफाइलमध्ये थर्ड-पार्टी कुकीज पूर्ण बंद करून टाकल्या. थर्ड-पार्टी म्हणजे तुम्ही उघडलेल्या साइटच्या पानात बसवलेल्या दुसऱ्या साइटच्या कुकीज. जाहिरातवाले त्यांचाच वापर करून तुमचा माग काढतात, म्हणून त्या बंद करणं घरच्या संगणकावर चांगलंच. सफारीने त्या २०२० पासून पूर्ण अडवल्या आहेत. पण एका पोर्टलवर शुल्क भरण्याची चौकट दुसऱ्या साइटवरून पानाच्या आत येत होती. ती फिरत राहिली. पैसे खात्यातून गेले, अर्ज 'पेंडिंग' राहिला. गिऱ्हाईक म्हणालं, "ताई, परत भरूया का?" तिने भरू दिलं नाही, हा निर्णय अचूक होता. व्यवहार क्रमांक लिहून घेतला, दुसऱ्या दिवशी पोर्टलच्या 'पेमेंट स्टेटस'मध्ये तपासलं, तोवर नोंद लागली होती. नंतर सरसकट बंदी काढून त्याच सेटिंगमध्ये फक्त ती साइट परवानगीच्या यादीत घातली आणि बंदी पुन्हा लावली.

आणखी एक गोष्ट उशिरा लक्षात आली. गेस्ट किंवा गुप्त खिडकी कुकीज पुसते, डाउनलोड केलेल्या फाइली पुसत नाही. 'डाउनलोड्स' फोल्डरमध्ये कित्येक माणसांचे आधार, गुणपत्रकं, बँकेची पासबुकं महिनोन्‌महिने पडून होती. कुकीपेक्षा हा साठा कितीतरी धोक्याचा. आता दुकान बंद करण्याआधी तो फोल्डर रिकामा होतो, आणि रीसायकल बिनही.

शेजारच्या गावातल्या एका शिक्षकाच्या लॅपटॉपवर वेगळाच संदेश येत होता, 'रिक्वेस्ट हेडर ऑर कुकी टू लार्ज'. तो त्याच सुमारास या केंद्रात आणला गेला. एका कुकीला साधारण ४,०९६ बाइटपर्यंत जागा असते, आणि एंजिनएक्स या खूप वापरल्या जाणाऱ्या सर्व्हरवर मूळ सेटिंगमध्ये त्या सगळ्यांची मिळून ओळ ८ किलोबाइटच्या वर गेली की तो मागणीच नाकारतो. दोन-तीन फुगलेल्या कुकीज त्याला पुरतात. उपाय तोच, त्या एका साइटच्या कुकीज काढणं. मुलीने तो फोनवर कोणाला न विचारता केला.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्या दिवशी, शेजारच्या दुकानात पोर्टल चालतंय हे कळल्यावर, गुप्त खिडकी उघडली असती तर पुढचं काहीच घडलं नसतं. काम तिथेच सुरू झालं असतं. पुसायचंच ठरलं होतं तर कालावधी आणि टिका दोन्ही आवळता आल्या असत्या. 'ऑल टाइम'ऐवजी शेवटचे ७ दिवस, आणि फक्त कुकीजवर टिक. पासवर्डच्या चौकटीला हात लावण्याचं कारण नव्हतं. बाकावरच्यांना 'कोणाचा अर्ज अर्धवट आहे का' एवढं विचारून, 'सेव्ह ड्राफ्ट' दाबून क्रमांक घेतला असता, तर मामांचा अर्ज वाचला असता. क्रमांक मिळत नसेल तर मजकूर ब्राउझरातच आहे असं समजून आधी तो अर्ज पुरा करायचा.

ज्या गिऱ्हाइकाचा ईमेल उघडा राहिला, त्याला केंद्राने त्या संध्याकाळी फक्त इथून लॉगआउट केल्याचं कळवलं. त्याच वेळी त्याला आपल्या मोबाइलवरून खात्याच्या सुरक्षा विभागातली उपकरणांची यादी पाहायला आणि तो संगणक तिथून काढायला सांगायला हवं होतं. दुकानातल्या माणसाच्या शब्दावर त्याला विसंबून राहावं लागलं नसतं. कॉलेजला गेलेल्या मेलबद्दल दुसरा खुलाशाचा मेल मुलाच्या खात्यातून दोन दिवसांनी गेला, तो त्याच संध्याकाळी जायला हवा होता.

पासवर्ड परत मिळवताना जास्तीत जास्त वेळ कुठे गेला, तेही पाहण्यासारखं आहे. बहुतेक खाती 'फरगॉट पासवर्ड' आणि ओटीपीने तासाभरात परत आली. एक खातं मात्र केंद्रचालकांच्या बंद पडलेल्या जुन्या सिमला जोडलेलं होतं. साठवलेला पासवर्ड होता तोवर त्या नंबरची आठवणही कोणाला नव्हती. तो बदलण्यासाठी शिक्क्याचं पत्र, ओळखपत्राची प्रत आणि तालुक्याच्या दोन खेपा लागल्या. नवा नंबर नोंदवून मिळाला तेव्हा श्रावण लागला होता.